ज्याचं फोल्डर, त्यालाच दिसावं

चऱ्होली, मोशी, भोसरी एमआयडीसी ते थेट चाकण-महाळुंगे या पट्ट्यातल्या छोट्या टूलरूम, प्रेसशॉप आणि डिझाइन ऑफिसांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "बाहेरच्या व्हेंडरला ड्रॉइंग देण्यासाठी सर्व्हरवर लॉगिन करून दिलं. आता त्याला सगळ्यांचीच फोल्डरं दिसतात. त्याला त्याच्यापुरतं कसं ठेवायचं?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो. "नेटवर सापडलेल्या ओळी घातल्या, तर आता त्याचं लॉगिनच होत नाही. काय चुकलं?"

आपल्याकडे ही गोष्ट गंभीर आहे, कारण एकच जॉबवर्क युनिट अनेकदा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कस्टमरचं काम करतं. एकाच्या फिक्स्चरचं ड्रॉइंग, दुसऱ्याच्या डायची स्टेप फाइल आणि तिसऱ्याचं कोटेशन, सगळं एकाच डिस्कवर असतं. गुप्ततेच्या करारावर सही तुमची असते. युरोपातल्या वाहन कंपन्यांशी थेट किंवा मधल्या पुरवठादारामार्फत काम करत असाल, तर 'टिसॅक्स' या माहिती-सुरक्षेच्या तपासणीबद्दलही विचारणा होऊ शकते. अशा तपासणीत "कोणाला काय दिसतं?" हा अगदी सुरुवातीचा प्रश्न असतो.

खाली दिलेले पर्याय मुख्यतः लिनक्स सर्व्हरसाठी आहेत. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच, मूळ स्पेलिंगप्रमाणे लिहा; जोडरेघ किंवा जागा मूळ नावात असेल तिथेच ठेवा.

आधी ठरवा: एफटीपी की एसएफटीपी?

एफटीपी हा प्रोटोकॉल १९७१चा आहे. त्याचा पहिला मसुदा लिहिणारे अभय भूषण हे कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, त्यामुळे पासवर्ड उघडाच तारेवरून जाई आणि त्यात कोणाला धोका दिसत नसे. साधं एफटीपी आजही तसंच चालतं. पासवर्ड आणि ड्रॉइंग दोन्ही उघडी जातात, वाटेतल्या कोणालाही वाचता येतात.

एसएफटीपीचं नाव सारखं असलं तरी तो वेगळा प्रोटोकॉल आहे. तो एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून, बहुधा २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवरून चालतो. लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच बहुधा आधीपासूनच असतं, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. नव्याने व्यवस्था उभी करत असाल तर एसएफटीपीच घ्या. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

अपवाद एकच. काही जुन्या सीएनसी मशीन आणि स्कॅनर यांना फक्त एफटीपी येतं. त्यांच्यासाठी ते कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतं चालू ठेवा आणि राउटरवरून २१ क्रमांकाचा पोर्ट बाहेर उघडू नका.

परमिशन वेगळी, कोंडणं वेगळं

बहुतेकांचा गोंधळ इथे सुरू होतो. लिनक्सवर साध्या युजरला त्याचं होम फोल्डर दिलं म्हणजे तो तिथेच थांबतो असं नाही. तो एक-एक पायरी वर चढत मुळापर्यंत जाऊ शकतो आणि सर्वांना वाचायला खुली असलेली प्रत्येक फाइल वाचू शकतो. उबुंटूवर २१.०४च्या आधीच्या आवृत्त्यांत नवं होम फोल्डर ७५५ परमिशनने तयार होई, म्हणजे दुसऱ्या युजरला ते वाचता येई. २१.०४पासून ते ७५० झालं. पण जुन्या सर्व्हरला फक्त अपग्रेड केलं असेल, तर आधीच्या फोल्डरांच्या परमिशन जशाच्या तशा राहिलेल्या असतात. म्हणून आजच एकदा होमखालच्या सगळ्या फोल्डरांची यादी परमिशनसह काढून बघा.

परमिशन घट्ट केल्यावर दुसऱ्याची फाइल उघडणार नाही, पण इतर युजरची नावं दिसतीलच. अनेक कस्टमरच्या करारात नुसतं नाव उघड होणंही बसत नाही. तिथे दुसरा उपाय लागतो, तो म्हणजे सीएचरूट. सीएचरूटमध्ये त्या युजरपुरतं डिस्कचं मूळच बदलतं. त्याचं फोल्डर हेच त्याला सगळ्यात वरचं फोल्डर दिसतं आणि त्याच्या वर काही आहे हेच त्याला कळत नाही. ही सोय युनिक्समध्ये १९७९पासून आहे. ओपनएसएसएचमध्ये ती थेट सेटिंग म्हणून २००८मध्ये आली.

दोन्ही लागतात. सीएचरूट बाहेरच्यांना कोंडतं, तर तुमच्या ऑफिसातल्या माणसांपैकी कोणी कोणतं फोल्डर उघडायचं हे परमिशन ठरवते.

ज्या नियमावर सगळे अडखळतात

नियम असा आहे. ज्या फोल्डरमध्ये युजरला कोंडायचं, ते फोल्डर आणि त्याच्या वरचं प्रत्येक फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन खात्याच्या, मालकीचं हवं. रूटशिवाय कोणालाही, ना ग्रुपला ना इतरांना, तिथे लिहायची परवानगी नको. नियम मोडला असेल तर एसएसएच सर्व्हर त्या युजरला आत घेतच नाही.

कारण समजून घ्या. कोंडलेल्या जागेच्या मुळाशी युजरला लिहिता आलं, तर तो तिथे स्वतःची बनावट सिस्टीम-फोल्डरं तयार करून जास्त अधिकाराने चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामला फसवू शकतो. वाड्यातल्या भाडेकरूने खोलीत सामान हवं तसं मांडावं, पण भिंत पाडण्याचा हक्क घरमालकाकडेच असतो. तसंच हे.

म्हणजे युजरचं "स्वतःचं" फोल्डर त्याच्या मालकीचं नसतं. त्याच्या मालकीचं असतं ते त्याच्या आतलं एखादं उपफोल्डर. अनेकांना हे उलटं वाटतं. मग लॉगिन होत नाही म्हणून ते घाईने ७७७ परमिशन देतात. त्याने लॉगिन होत नाहीच, उलट तोवर सुरक्षित असलेलं फोल्डर सगळ्यांना खुलं होतं. इथे परमिशन कमी करायची असते, वाढवायची नसते.

पायऱ्या

बदल शक्यतो गुरुवारी, एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. डिस्पॅचच्या घाईत हे काम काढू नका.

१. ग्रुप तयार करा. बाहेरच्या सर्व युजरसाठी एक ग्रुप करा, समजा 'एसएफटीपीओन्ली'. ऑफिसातल्या डिझाइनच्या माणसांचा वेगळा ग्रुप असू द्या, समजा 'डिझाइन'.

२. युजर तयार करा, पण होम फोल्डर आपोआप बनू देऊ नका. 'यूजरॲड' वापरताना होम न बनवण्याचा पर्याय द्या. 'ॲडयूजर' ही कमांड होम स्वतःहून बनवते आणि ते युजरच्या मालकीचं करते, मग वरचा नियम पहिल्याच पायरीला मोडतो. होमचा पत्ता '/एसआरव्ही/एसएफटीपी/व्हेंडर१' असा द्या आणि शेल 'नोलॉगिन' ठेवा. युजरचं नाव कस्टमरच्या नावावरून ठेवू नका, कारण नावं लॉगमध्ये आणि बॅकअपमध्ये फिरत राहतात.

३. फोल्डरं हाताने बनवा. 'व्हेंडर१' हे फोल्डर रूटच्या मालकीचं, ७५५. त्याच्या आत दोन उपफोल्डरं:
- 'ड्रॉइंग': मालक डिझाइनचा युजर, ग्रुप व्हेंडर१चा, परमिशन २७५०. तुम्ही फाइल ठेवाल, व्हेंडर फक्त वाचेल. तो चुकून जुनं रिव्हिजन वर चढवू शकणार नाही.
- 'रिपोर्ट': मालक व्हेंडर१, ग्रुप डिझाइन, परमिशन २७७०. तपासणीचे रिपोर्ट आणि पीपॅपची कागदपत्रं व्हेंडर इथे टाकेल.

पुढचा २ का? त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप लागतो. तो नसेल तर "फाइल आली आहे पण उघडत नाही" ही तक्रार रोज ऐकावी लागेल.

४. सेटिंग लिहा. 'एसएसएचडी-कॉन्फिग' फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा. मग फाइलच्या अगदी शेवटी, एकाखाली एक:
- 'मॅच ग्रुप एसएफटीपीओन्ली'
- 'सीएचरूट-डिरेक्टरी' आणि पुढे टक्क्याचं चिन्ह व एच. याचा अर्थ त्या त्या युजरचं होम.
- 'फोर्स-कमांड इंटर्नल-एसएफटीपी', त्यापुढे लॉगसाठी 'एल इन्फो' आणि नव्या फाइलच्या परमिशनसाठी 'यू ०००७' हे पर्याय. एल आणि यू या अक्षरांआधी वजाचं चिन्ह येतं.
- 'अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंग नो', 'अलाउ-एजंट-फॉरवर्डिंग नो', 'परमिट-टनेल नो', 'एक्स११-फॉरवर्डिंग नो'

टीसीपी फॉरवर्डिंगची ओळ गाळू नका. ती नसेल तर फाइलींपुरता कोंडलेला युजरही तुमच्या सर्व्हरमधून कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर जोडणी काढू शकतो. फोल्डर बंद आणि नेटवर्क उघडं, अशी ती अवस्था असते.

'सबसिस्टीम' ही ओळ फाइलमध्ये आधीपासून असते. ती दुसऱ्यांदा लिहू नका, नाहीतर सेटिंग चुकीचं ठरतं. फोर्स-कमांड दिल्यावर ती बदलण्याचीही गरज नाही.

५. पासवर्डऐवजी की वापरा. व्हेंडरला त्याच्याच कॉम्प्युटरवर 'ईडी२५५१९' प्रकारची की बनवायला सांगा आणि त्याच्याकडून फक्त पब्लिक की मागवा. प्रायव्हेट की त्याने कोणालाही, तुम्हालासुद्धा, व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. या सगळ्या पब्लिक की युजरच्या होममध्ये ठेवण्याऐवजी 'ऑथोराइज्ड-कीज-फाइल' हे सेटिंग मॅच गटात देऊन एका मध्यवर्ती फोल्डरमध्ये, प्रत्येकाच्या नावाची एक फाइल अशा ठेवा. मालकी रूटची, परमिशन ६४४. मग युजरला स्वतःहून नवी की घुसवता येत नाही.

६. तपासून मगच लागू करा. 'एसएसएचडी' कमांड 'टी' पर्यायासह चालवा, ती सेटिंगमधली चूक दाखवते. चालू असलेली लॉगिनची खिडकी बंद करू नका. सर्व्हिस रीलोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून स्वतःचं लॉगिन होतं का बघा. ते झालं तरच पहिली खिडकी बंद करा. उबुंटूवर सर्व्हिसचं नाव 'एसएसएच', तर रेड हॅट घराण्यातल्या सिस्टीमवर 'एसएसएचडी' असतं.

७. व्हेंडर होऊन बघा. विनएससीपी किंवा फाइलझिला उघडा आणि चार गोष्टी करून पाहा. वरच्या फोल्डरमध्ये जाता येतं का, 'ड्रॉइंग'मध्ये फाइल टाकता येते का, 'रिपोर्ट'मध्ये टाकता येते का, आणि साध्या एसएसएचने कमांड देता येते का. फक्त तिसऱ्याचं उत्तर "हो" यायला हवं.

अडलं तर कुठे बघायचं

व्हेंडरच्या स्क्रीनवर फक्त "जोडणी तुटली" एवढंच येतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, उबुंटूवर 'ऑथ लॉग'मध्ये आणि रेड हॅट घराण्यात 'सिक्युअर' या फाइलमध्ये. सीएचरूट डिरेक्टरीची मालकी किंवा मोड चुकीचा आहे, अशा अर्थाची ओळ सापडली, तर मुळापासून सुरू करून पत्त्यातलं एकेक फोल्डर तपासा. दोष नेहमी शेवटच्या फोल्डरमध्येच असतो असं नाही. जास्तीची डिस्क जोडून तिच्यावर फोल्डरं ठेवली असतील, तर त्या डिस्कचं सगळ्यात वरचं फोल्डर दुसऱ्याच कोणाच्या मालकीचं निघू शकतं.

इतर नेहमीच्या तक्रारी:

- "लॉगिन होतं, पण फाइल टाकता येत नाही." व्हेंडर सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये टाकायचा प्रयत्न करतोय. तिथे नकार मिळणं बरोबरच आहे. त्याला 'रिपोर्ट'मध्ये जायला सांगा.
- "सगळ्यांसाठीच्या स्टँडर्ड ड्रॉइंगचा शॉर्टकट ठेवला, तो उघडत नाही." सिमलिंक कोंडलेल्या जागेबाहेर बोट दाखवते, आणि आतल्या युजरसाठी बाहेर काही नसतंच. सामायिक फोल्डर 'बाइंड माउंट'ने आत जोडा, फक्त वाचण्यापुरतं. 'एफएसटॅब'मध्ये ओळ घातली नाही तर रीस्टार्टनंतर ते गायब होईल.
- "मालकाच्या नावाऐवजी आकडे दिसतात." कोंडलेल्या जागेत युजरची यादी नसते, म्हणून. दुरुस्तीची गरज नाही.
- "ऑफिसातल्या सगळ्यांवरच बंधन आलं." 'मॅच' ओळीखाली जे लिहाल ते पुढची 'मॅच' ओळ येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत त्याच गटाला लागू होतं. सर्वसाधारण सेटिंग त्याच्या वर हवीत. तुमचं स्वतःचं लॉगिन चुकून त्या ग्रुपमध्ये गेलंय का, हेही बघा.
- "रेड हॅट, अल्मा किंवा रॉकीवर सगळं बरोबर असूनही फाइल लिहिली जात नाही." एसईलिनक्सचा लॉग बघा. नेहमीच्या होमपेक्षा वेगळ्या जागी फोल्डरं ठेवली की त्यांना योग्य लेबल द्यावं लागतं. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय समजू नका.
- "सर्व्हर अचानक बंद पडला." सीएचरूट डिस्कची जागा मोजत नाही. एका व्हेंडरने मोठमोठ्या फाइली टाकून डिस्क भरली तर सगळ्यांचं काम थांबतं. कोटा लावा, निदान ही फोल्डरं वेगळ्या पार्टिशनवर ठेवा.
- "बाहेरून जोडणीच होत नाही." आधी तुमच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी आहे का ते पुरवठादाराला विचारा. तो नसेल तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही.

एफटीपी चालवावंच लागलं तर

व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये 'सीएचरूट लोकल यूजर' हे सेटिंग 'येस' केलं की सगळे युजर आपापल्या होममध्ये कोंडले जातात. लगेच "५०० उप्स" असा संदेश येतो, कारण इथेही तोच नियम आहे, मुळाशी लिहायची परवानगी नको. लिहिता येणारं मूळ चालवून घेणारं एक सेटिंग आहे आणि नेटवर ते सर्रास सुचवलं जातं. ते वापरू नका. होमवरची लिहायची परवानगी काढा आणि आत लिहिण्यासाठी उपफोल्डर द्या, तेवढ्याने काम होतं.

याच सर्व्हरमधल्या अपवादांच्या यादीबद्दल सावध राहा. 'सीएचरूट लोकल यूजर' बंद असेल तर यादीतली नावं कोंडली जातात. ते चालू असेल तर त्याच यादीतली नावं मोकळी सुटतात. एकच फाइल, आणि अर्थ बरोबर उलटा. सेटिंग बदलताना यादी बघितली नाही तर ज्यांना कोंडायचं तेच बाहेर असतात.

आणखी एक. उबुंटूवर शेल 'नोलॉगिन' असलेल्या युजरला व्हीएसएफटीपीडी पासवर्ड बरोबर असूनही नाकारू शकतं, कारण तिथे शेल अधिकृत यादीत आहे का हे तपासलं जातं. पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसण्याआधी हे बघा.

प्रोएफटीपीडी वापरत असाल तर 'डिफॉल्ट-रूट' पुढे टिल्डचं चिन्ह, एवढीच ओळ पुरते.

विंडोज आणि तयार होस्टिंग

विंडोज सर्व्हर २०१९पासून ओपनएसएसएच सर्व्हर विंडोजचाच भाग म्हणून मिळतो आणि एसएफटीपीपुरतं सीएचरूट त्यातही चालतं. रूटच्या मालकीचा नियम तिथे नाही, म्हणून फोल्डरच्या परमिशन जास्त काळजीने द्याव्या लागतात. आयआयएसच्या एफटीपीमध्ये 'यूजर आयसोलेशन' नावाची सोय आहे, तिच्यासाठी 'लोकलयूजर' नावाच्या फोल्डरखाली प्रत्येक युजरच्या नावाचं फोल्डर लागतं. सीपॅनलच्या होस्टिंगवर एफटीपी खातं बनवताना डिरेक्टरीच्या रकान्यात वेबसाइटचं मूळ फोल्डर येऊ देऊ नका, नाहीतर व्हेंडरच्या हाती अख्खी वेबसाइट जाते.

करार, लॉग आणि तुमचे हक्क

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. लघुउद्योगांना दिलेली वाढीव मुदत २५ सप्टेंबर २०२२ला संपली. पायरी ४मधला लॉगचा पर्याय त्यासाठीच आहे. लॉग किती दिवसांनी आपोआप पुसले जातात ते बघा, बहुतेक ठिकाणी ही मुदत १८० दिवसांपेक्षा फार कमी असते. सर्व्हरवर कामगारांचे पगारपत्रक किंवा आधारच्या प्रती असतील, तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही विचार करावा लागेल. सुरक्षेची वाजवी काळजी घेण्यात कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खरं तर ही कागदपत्रं व्हेंडरना लॉगिन दिलेल्या सर्व्हरवर असूच नयेत.

सर्व्हरची देखभाल बाहेरच्या माणसाकडे दिली असेल, तर पुढील गोष्टी मागणं हा तुमचा हक्क आहे. त्या करारात लिहून घ्या:
- रूटचा पासवर्ड तुमच्याकडे बंद पाकिटात
- सगळ्या युजरची यादी, प्रत्येकासमोर त्याला दिसणारी फोल्डरं
- मागाल तेव्हा लॉग
- करार संपल्यावर त्यांच्या सगळ्या की काढल्याचं लेखी पत्र

आणि तुम्हीच दुसऱ्याच्या सर्व्हरवर व्हेंडर असाल तर? प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन मागा, कारण एकाच लॉगिनवर पाचजण असतील तर गैरवापराचा आळ सगळ्यांवर येतो. सर्व्हरचं फिंगरप्रिंट फोनवर विचारून जुळवा, मगच पहिल्यांदा 'येस' म्हणा. दुसऱ्याची फोल्डरं दिसत असतील तर एकही फाइल उतरवू नका, त्याच दिवशी ईमेलने कळवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय माहिती उतरवल्यास भरपाई द्यावी लागू शकते, आणि "दिसत होती म्हणून घेतली" हा बचाव होत नाही.

फाइली चोरल्याचं लक्षात आलं तर युजर बंद करा, पण लॉग पुसू नका आणि सर्व्हर घाईने फॉरमॅट करू नका. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. चऱ्होली आणि चाकण दोन्ही पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, तक्रार तिथे द्या.

काम संपल्यावर

व्हेंडरचं काम संपलं की बहुतेक ठिकाणी 'पासवर्ड' कमांडने त्याचं खातं लॉक केलं जातं आणि विषय मिटला असं समजलं जातं. पण त्या लॉकने फक्त पासवर्ड बंद होतो. की असेल तर तो तसाच आत येत राहतो. म्हणून खात्याची मुदत 'चेज' कमांडने संपवा, मध्यवर्ती फोल्डरमधली त्याची की काढा, आणि त्या क्षणी त्याची जोडणी चालू असेल तर तीही तोडा, कारण आधीच आत असलेल्याला नवं सेटिंग लागू होत नाही. 'रिपोर्ट'मधल्या फाइली आपल्या जागी हलवून मगच त्याचं फोल्डर काढा. युजर पुसून टाकण्याची घाई करू नका. युजर गेला तरी त्याचा क्रमांक फाइलींवर तसाच राहतो, आणि उद्या नव्या व्हेंडरला तोच क्रमांक मिळाला तर जुन्या व्हेंडरच्या उरलेल्या सगळ्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात.